वनदेवतेचं पान

दादाच्या नंबरावरून सकाळी फोन आला तरी मला धडकी भरायची नाही, कारण सकाळी दादा फोन करत नाही. त्या वेळी तो इथे बनारसला, रामघाटाच्या वेदपाठशाळेत मुलांना शिकवत असतो आणि त्याचा मोबाइल घरी, स्वयंपाकघरात, डब्यांच्या फळीवर पडलेला असतो. त्या नंबरावरून सकाळी फोन आला तर तो माझ्या वहिनीचा, उमावहिनीचा, आणि कारण काहीतरी साधंच. बाजारात परवलाची भाजी ताजी आलीय, तुझ्यासाठी घेऊन ठेवू का, इतपत. त्या दिवशी मी फोन कानाला लावला आणि कोणी बोलेचना. नुसता श्वास ऐकू येत होता. मग दादा म्हणाला, "कुमुद, ती उठली नाही गं." नवरात्र बसायला थोडेच दिवस होते. सिगऱ्याच्या माझ्या घरून मैदागिनपर्यंत ई-रिक्षा आणि पुढे गल्ल्यांतून पायी, हा माझा माहेरी जायचा नेहमीचा रस्ता. रिक्षात बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता, की आपण निघताना गॅस बंद केला की नाही. माणूस गेलं हे मनाला पेलत नसेल तेव्हा ते असलं काहीतरी धरून बसत असावं. मंगळागौरीजवळच्या आमच्या गल्लीत वळले, दारासमोर चपलांचा ढीग दिसला, आणि गॅसचा विचार सुटला तो सुटलाच.

उमावहिनी नागपूरची. वडील विदर्भात जंगल खात्यात रेंजर होते, त्यामुळे तिचं लहानपण चौक्या आणि बंगल्यांच्या ओसरीवर गेलेलं. प्राणिशास्त्र शिकली आणि लग्न करून आली ती थेट आमच्या घरात, जिथे पिढ्यान् पिढ्या वेदपाठाशिवाय दुसरं काही कोणी केलं नव्हतं. पुढे इथल्याच मुलींच्या एका कॉलेजात ती निवृत्त होईपर्यंत शिकवत होती. दादा पहाटे सूक्तं म्हणायचा आणि वहिनी त्याच वेळी बेडकाच्या हृदयाचे कप्पे फळ्यावर कसे काढायचे याची तयारी करायची, आणि दोघांचं एकमेकांशी कधी काही अडलं नाही. अडायचं ते माझ्याशी. मी तिच्याहून लहान, म्हणून एरवी ती मला नावाने हाक मारायची. पण वादाला तोंड लागलं की मी एकदम 'वन्सं' व्हायचे आणि 'तू'ची 'तुम्ही'. "असं कसं म्हणून राहिल्या तुम्ही, वन्सं?" असं तिने म्हटलं की दादा हळूच उठून गच्चीवर जायचा.

माझा स्वभाव मुळात घाबरट आहे. कोणी उशिरा आलं की मी अपघातापर्यंत पोचलेली असते. नाव डोलली की मला बुडाल्यासारखं होतं, आणि तेही जन्म गंगेकाठी काढून. वहिनी मला म्हणायची की तू म्हणजे सांबरच आहेस, पान हललं की कान टवकारतेस. आधी मला ही थट्टाच वाटायची. पण तिला त्यातून काहीतरी सांगायचं असायचं. सांबर चरत असतं तेव्हा जरा खुट्ट झालं तरी मान वर करतं, आणि मान वर केली की घास सुटतो. दिवसभरात असे किती घास सुटत असतील, आणि पोटात पिल्लू असलं तर त्याच्या वाट्याचे किती, हे ती मला माझ्यावरून समजावायची. "तुला फोन वाजला तर जेवण जातं ना? मग सांबराचं पाहा. त्याला मारायला नखं लागत नाहीत. सारखं उठवलं तरी पुरतं."

हा सांबरांचा विषय आमच्या घरात शिरला तो आवळी भोजनाच्या वाटेने. कार्तिकात आवळीच्या झाडाची पूजा करून तिच्या सावलीत जेवायचं ही चाल महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही बनारसची मराठी मंडळी यासाठी वैकुंठ चतुर्दशीच्या सुमारास गंगा ओलांडून दक्षिणेला, विंध्याच्या उतारावरच्या जंगलात जातो. तिथे एक छोटा धबधबा आहे, खाली डोह आहे आणि वर आवळीचं जुनं बन. माझ्या आजोबांच्या वेळी बैलगाड्या जायच्या, आता बस ठरते. जेवण तयार झालं की मसालेभाताचं मोठं पितळी पातेलं पळीने वाजवून सगळ्यांना पंगतीला बोलवायचं. पहिलं पान वनदेवतेचं. ते भरगच्च वाढून बनाच्या टोकाला, खडकामागे ठेवायचं आणि परत येताना मागे वळून पाहायचं नाही. उरलेलं अन्नही घरी आणायचं नाही; वनातलं वनातच. आमच्याकडे हा दंडक इतका पक्का की ते पान कोण खातं हे कधीच कोणी पाहिलेलं नव्हतं. लहानपणी आम्ही समजायचो की देवीच येते.

बाहेरच्या माणसाला हा दिवस म्हणजे साधी सहल वाटेल. पण आमच्यासाठी तो काय आहे ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही इथे थोडे लोक. घरात मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि आमची नातवंडं तर उंबऱ्याच्या आतही हिंदीच. वर्षातला हा एक दिवस असा, की संध्याकाळपर्यंत सगळे एका बनात अडकलेले असतात, मोबाइलला रेंज नसते, आणि पोरं नाइलाजाने म्हाताऱ्यांशी मराठीत बोलतात. भेंड्या चालतात. उखाणे होतात. कोणाचं लग्न जमतं, कोणाचं जुनं भांडण मिटतं. हा दिवस गेला तर आमचं मराठीपण नुसतं आडनावापुरतं उरेल अशी मला भीती आहे, आणि ती काही माझी एकटीची भीती नाही.

पूर्वी त्या बनात सांबरं सहज दिसायची. आवळे खाली पडले की ती खायला येत, आणि आम्ही पोचायच्या आधी मातीत त्यांचे खूर उमटलेले असत. गेल्या काही वर्षांत मात्र खूर दिसेनासे झाले. मी म्हटलं, बिबट्या. आसपासच्या गावांत शेळ्या नाहीशा होत होत्या, चौकीवरचा वनरक्षकही बिबट्याचे माग वाढल्याचं सांगायचा, यात आणखी शोधण्यासारखं काय होतं? वहिनीला हे अजिबात मान्य नव्हतं. तिचं म्हणणं, बिबट्या आजोबांच्या वेळीही होता आणि तेव्हा सांबरंही होती. बिबट्याने खाल्ली म्हणून सांबरं कमी झाली, की सांबरं कमी झाली म्हणून बिबट्या शेळीवर आला, हे आधी ठरव. आणि त्या जंगलात नवीन काय आलं ते बघ. दर इतवारी गाड्या, स्पीकर, बाटी-चोखा भाजायच्या शेकोट्या, डोहात पोहणारी पोरं, डोक्यावर घोंघावणारे ड्रोन. मी म्हणायचे, ते इतवारवाले, आपण नाही. आपण वर्षातून एकदा, पूजेला जातो. ती म्हणायची, सांबराला पूजा आणि पिकनिक यातला फरक कसा कळणार, आणि मोरावळ्यासाठी पिशव्या भरून आवळे कोण आणतं? यावर मी चिडायचे, कारण पिशव्या माझ्याच असत.

असे हिवाळे गेले. मटार सोलता सोलता, कडबोळी वळता वळता, आमचं हेच. मी वर्तमानपत्रातली बिबट्याची बातमी कापून न्यायचे, वहिनी ती वाचायची आणि त्याच कागदावर सोललेली सालं टाकायची. मला वाद घालायला आवडतं असं नाही. वाद झाला की मला रात्री झोप येत नाही. पण तिच्याशी वाद घालताना मात्र माझी भीती कुठल्या कुठे जायची... हे मला आता कळतं.

गेल्या कार्तिकात एक घोटाळा झाला. परत निघायच्या गडबडीत आमच्या मराठी मंडळाचं ते मोठं पितळी पातेलं बनातच राहिलं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने बसमध्ये चढवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी म्हणाली, चल, आपण दोघी जाऊन घेऊन येऊ. आम्ही एक गाडी केली. ड्रायव्हर वर रस्त्यालाच थांबला आणि आम्ही पायवाटेने उतरलो. आदल्या दिवशी इतकी गजबज असलेलं ते बन रिकामं होतं, आणि मला तेव्हाच परत फिरावंसं वाटत होतं. पातेलं आवळीच्या बुंध्याशी होतं, तळाला खरवड आणि त्यात पळी तशीच. मी म्हटलं, उचल आणि चल. वहिनी मात्र खडकामागे गेली. वनदेवतेचं पान जिथे ठेवतात तिथे.

मी तिच्या मागोमाग गेले, कारण एकटीने उभं राहायची माझी हिंमत नव्हती. खडकामागे गावठी कुत्री होती. बरीच होती. पत्रावळ फाटून लांबवर ओढत नेलेली, आणि आम्ही ओतलेल्या उरलेल्या भातात तोंडं खुपसून ती खात होती. एका कुत्रीची आचळं लोंबत होती, म्हणजे पिल्लंही तिथेच कुठेतरी वाढत असणार. देवीचं पान खाणारे हे... मी काही बोलणार तेवढ्यात त्यातल्या एकाने मान उचलली, कान उभे केले आणि सगळा घोळका डोहाकडे पळाला. खालून भुंकण्याचा कल्लोळ उठला. आम्ही खडकाच्या कडेने पुढे झालो तेव्हा डोहात सांबराची मादी दिसली. छातीपर्यंत पाण्यात उभी होती आणि तिच्या अंगाला चिकटून पाडस, त्याचं फक्त डोकं वर. पलीकडच्या काठावर कुत्री. आणि अलीकडच्या काठावर आम्ही दोघी.

मी हात उंचावून एक पाऊल पुढे टाकलं, कुत्र्यांना हाकलायला. मादी आमच्याकडे बघून मागे सरली. मागे पाणी खोल होतं आणि धबधब्याची धार पडून तिथे भोवरा फिरत होता. पाडसाचं डोकं एकदा खाली गेलं आणि वर आलं. "हलू नका, वन्सं," वहिनी म्हणाली. मी थिजले. आम्ही थांबलो तशी कुत्री धीट झाली, त्यातलं एक पाण्यात उतरलं. आम्ही हललो की सांबर मरणार आणि नाही हललो की मरणार, हे मला स्पष्ट कळलं. आयुष्यभर ज्याची त्याची काळजी केली, पण काय केलं असता वाईट होणार नाही हेच जिथे कळत नाही अशी काळजी मला त्याआधी ठाऊक नव्हती.

वहिनी मागच्या मागे आवळीपाशी गेली आणि तिने पातेलं वाजवायला सुरुवात केली. पळीने, जसं पंगतीसाठी वाजवतात तसं. कुत्र्यांनी माना वळवल्या. पाण्यात उतरलेलं कुत्रं अंग झाडत बाहेर आलं. आणि मग ती सगळी, काठाकाठाने वळसा घालून, शेपट्या हलवत, आवाजाच्या रोखाने आमच्याकडे धावत आली. वहिनीने खरवड खरडून त्यांच्यापुढे टाकली. ती खात होती आणि आम्ही त्यांच्या मधोमध उभ्या होतो. मला कुत्र्यांची भयंकर भीती, पण तेव्हा मी त्यांच्याकडे नाही, वहिनीच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिचा चेहरा उतरला होता. कुत्री जरा पांगल्यावर आम्ही वाकून पाहिलं तर डोह रिकामा होता. मादी बाहेर पडली असावी. पाडसाचं काय झालं ते आम्हाला आजतागायत ठाऊक नाही.

पातेलं गाडीत घालून आम्ही परत निघालो. पूल लागला तेव्हा मी म्हटलं, बघ, कुत्री म्हणजे शिकारीच; म्हणजे मी म्हणत होते तेच खरं, जनावराला जनावरच खातं. ती म्हणाली, आणि त्या जनावराला पोसतं कोण? मी म्हटलं, वर्षातून एकदा वाजलेल्या पातेल्याने कुत्री शिकतात होय? ती म्हणाली, आपण एकटेच थोडे वाजवतो. दर इतवारी तिथे कोणी ना कोणी भांडं वाजवतं आणि उरलेलं टाकून जातं. पण ओळखीच्या आवाजाला आली ना ती? इतकी वर्षं आपण मागे वळून पाहिलं नाही, आज पाहिलं. मी म्हटलं, म्हणजे तुझं काय म्हणणं, आवळी भोजन बंद करायचं? तिने खिडकीबाहेर बघत हो म्हटलं.

त्यानंतरचं वर्ष आमचं याच एका 'हो'भोवती गेलं. मी तिला म्हणायचे, पान वाढू नका म्हण, उरलेलं परत आणा म्हण, पण दिवसच बंद करू नकोस. ती म्हणायची, बस भरून माणसं, दिवसभर कालवा, ऐन आवळे पडायच्या दिवसांत, सावलीची जागा आपण धरून बसायची. पान नसलं तरी सांबर येणार नाही. मी म्हणायचे, आपण न गेल्याने इतवारवाले थांबणार आहेत का? ती म्हणायची, नाही. मग? मग काही नाही, म्हणायची, आपण तरी नाही. हे इतकं थोडकं उत्तर मला पुरायचं नाही. पण एक गोष्ट तिने केली नाही. मंडळात ती याबद्दल एका शब्दाने बोलली नाही. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "तुला पटल्याशिवाय मी तिथे उभी राहणार नाही. तू विरोधात बोललीस तर माझं कोण ऐकेल? आणि तू विरोधात बोललेलं मला ऐकवणार नाही." गणपती उठल्यावर एकदा गेले होते तेव्हाही याच मुद्द्यावर आम्ही आलो, आणि मी म्हटलं, पुढच्या वेळी बोलू. चहाचे कप विसळून ठेवले आणि निघाले. तीच शेवटची भेट.

ती गेल्यावर मणिकर्णिकेहून पुरुष माणसं परत आली, गार्गी, तिची मुलगी, बंगळुरूहून येऊन राहून परत गेली, तेरावा झाला, आणि मग एक दिवस विनायकरावांचा फोन आला. विनायकराव रेल्वेतून निवृत्त झालेले, आमच्या मंडळाचे कार्यवाह, अत्यंत सज्जन गृहस्थ. म्हणाले, "अक्का, या साली आवळी भोजन उमाताईंच्या नावाने करू या. वनदेवतेच्या पानाशेजारी त्यांचंही एक पान वाढू. किती प्रेम होतं त्यांना त्या जंगलाचं." मी "बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. तिच्या नावाचं पान. खडकामागे. आणि पाठ फिरवून परत यायचं. ते कोण खाणार हे जगात फक्त मला ठाऊक होतं, कारण दुसरी जी जाणत होती तिच्याच नावाने ते वाढलं जाणार होतं.

पुढचे कितीतरी दिवस मी जेवले नाही धड, झोपले नाही धड. न बोलले तर सोपं होतं. आमचा दिवस वाचला असता, विनायकरावांचा मान राहिला असता, आणि मीच तर वर्षभर हा दिवस राहावा म्हणून भांडत होते. पुन्हा वाटायचं, मला अजून पटलेलं नाही, मग जे पटलेलं नाही ते मी कोणत्या तोंडाने सांगू? वहिनी असती तर म्हणाली असती, पटलं नाही तर सांगू नकोस. ती अशीच होती, म्हणून जास्त त्रास. एकदा मनात ठरवायचे, गप्प बसायचं. मग पुन्हा डोहातलं ते डोकं खाली जाऊन वर यायचं, आणि ठरवलेलं मोडायचं.

रामघाटावरच्या सभागृहात बैठक झाली. विनायकरावांनी सगळं छान मांडलं, लोकांनी माना डोलावल्या, एकदोघींनी डोळे पुसले. मी उभी राहिले. मला वाटतं माझा आवाज फार बारीक निघाला असणार, कारण पुढच्या रांगेतल्या लोकांनीही वळून पाहिलं. "सांबरं बिबट्यानेच संपवली असं मी आजही म्हणेन," मी म्हटलं. "पण वहिनी म्हणायची की तिथली कुत्री आपण पोसतो, आणि आपल्या पातेल्याच्या आवाजावर ती कुत्री धावत येताना मी पाहिली आहेत. वहिनीला हा दिवस तिथे नको होता. तिच्या नावाने तिथे पान वाढू नका." मग डोहाची हकीकत सांगितली.

विनायकराव दुखावले, पण बोलले सौम्यच. म्हणाले, "अक्का, आपण नाही गेलो तरी बाकीचे जाणारच. इतवारी तर मेळा असतो तिथे. मग आपल्याच पोरांचा दिवस का घालवायचा?" हा माझाच मुद्दा होता. शब्दसुद्धा माझेच. मी वर्षभर घासून घासून लखलखीत केलेला मुद्दा त्यांनी माझ्यापुढे ठेवला, आणि माझ्याकडे वहिनीचं ते थोडकं उत्तरच होतं. "बाकीचे जातील," मी म्हटलं, "आपण तरी नाही." खूप चर्चा झाली. कोणी म्हणालं पान न वाढता जाऊ, कोणी म्हणालं वनरक्षकाला विचारू. शेवटी इतकंच ठरलं की या वर्षी सभागृहातच करायचं, आवळीची फांदी आणून तिची पूजा करायची, आणि पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

ते परवा झालं. लोक आले. जेवण चांगलं झालं. पण पोरं जेवली आणि हात धुऊन निघाली; गल्लीतून बाहेर पडेपर्यंत त्यांची हिंदी मला ऐकू येत होती. भेंड्यांना कोणी बसलं नाही. दुपार कलायच्या आत सतरंज्या गुंडाळल्या गेल्या. विनायकराव मला काही बोलले नाहीत, नुसतं हसले, आणि ते मला जास्त लागलं. सांबरं परत येतील की नाही ठाऊक नाही. त्या बनात परवाही कोणीतरी भांडं वाजवलं असेल. आणि इकडे आमचा दिवस मात्र माझ्या डोळ्यांदेखत विरून गेला. मी वाचवलं काय आणि घालवलं काय, याचा हिशेब लावताना माझं डोकं फुटायची वेळ आली आहे.

दादाला वर्षभर सणवार नाहीत, म्हणून तो आला नव्हता. त्याच्यासाठी साधा वरणभात डब्यात घेऊन मी संध्याकाळी त्याच्या घरी गेले. त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, तुझी बायको गेली आणि आमचा दिवसही घेऊन गेली. बोलल्यावर जीभ चावली. दादा कधीच आमच्या वादात पडला नाही, त्या दिवशीही पडणार नाही असं मला वाटलं. तो डबा उघडून शांतपणे जेवत होता. मग म्हणाला, "तुमचा नाही गं. तिचा." मला कळेना. तो म्हणाला, "लग्न होऊन आली तेव्हा ती कार्तिकापर्यंत या घरात कोणाशी बोलायची नाही. गल्ल्या अंधाऱ्या, आकाश दिसत नाही म्हणून रडायची. त्या बनात पहिल्यांदा पोटभर जेवली. वडील गेल्यावर नागपूर सुटलं तिचं. मी म्हणायचो जाऊन ये, तर म्हणायची, आवळी भोजनाला जाते ना मी. तिचं माहेर तेच होतं, कुमुद."

वर्षभर मी तिला ऐकवत होते की तुला काय, तू आमचा दिवस काढून घेते आहेस. आणि तिने एकदाही सांगितलं नाही की ती कोणाचा दिवस सोडते आहे. सांगितलं असतं तर मी त्या दिवशीच, न पटताच, हरले असते, हे तिला पक्कं ठाऊक असणार. म्हणूनच सांगितलं नसेल.

दादा पोथी उघडून बसला. मी त्याचं ताट घासायला स्वयंपाकघरात गेले आणि घासून झाल्यावर कधी नव्हे ती वहिनीच्या पाटावर टेकले, भिंतीला पाठ लावून. ती नेहमी तिथेच बसायची, आणि मला वाटायचं की तिथून खिडकीतून गंगेचा तुकडा दिसत असेल, म्हणून ती ती जागा सोडत नाही. तिथून गंगा दिसत नाही. खिडकीही नीट दिसत नाही, कपाटाचा कोपरा आड येतो. त्या पाटावर बसलं की समोर एकच गोष्ट दिसते, दाराजवळची, मी बसायचे ती जागा.